पेशीचक्र थांबवणारी गोळी, घसरलेल्या पांढऱ्या पेशी आणि केआय-६७

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. आई ६१ वर्षांच्या, स्तनाचा कॅन्सर, हाडांपर्यंत पोचलेला. रिपोर्टमध्ये ईआर पॉझिटिव्ह (पेशींत इस्ट्रोजेनचा निरोप घेणारं प्रथिन आहे), हर-२ निगेटिव्ह (वाढीचा निरोप घेणारं हे दुसरं प्रथिन जादा नाही), ग्रेड २ आणि केआय-६७ (किती पेशी दुभंगण्याच्या चक्रात आहेत ते दाखवणारी तपासणी) ३५ टक्के. डॉक्टरांनी लेट्रोझोल आणि पेशीचक्र थांबवणारी पालबोसिक्लिब ही गोळी सुरू केली. दुसरा कोर्स सुरू करायच्या आधी रक्त तपासलं तर न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ९००, म्हणून आठवडाभर थांबायला सांगितलं. त्यांचे प्रश्न असे: ३५ टक्के म्हणजे कॅन्सर ३५ टक्के पसरला का? चक्र थांबवणारी गोळी चांगल्या पेशींचंही चक्र थांबवते का? आणि पांढऱ्या पेशी एवढ्या घसरल्या, म्हणजे ही गोळी आईला सोसत नाही असं समजून बंद करावी का? शेवटी, केआय-६७ पुन्हा करून घ्यावं का, हेही विचारलं आहे.

ताई, आधी माझी जागा सांगते. मी ठाण्यात हिस्टोपॅथॉलॉजिस्ट आहे. तुमच्या आईंच्या बायोप्सीसारखे तुकडे मायक्रोस्कोपखाली बघून रिपोर्ट लिहिणं हे माझं काम. औषध लिहून देणं मेडिकल ऑन्कोलॉजिस्टचं, त्यामुळे डोस आणि तारखांबाबत त्यांचाच शब्द शेवटचा धरा. पण तुमच्या पहिल्या तिन्ही प्रश्नांच्या तळाशी एकच समजूत आहे आणि रिपोर्ट घेऊन येणाऱ्या बहुतेक घरांत मला ती भेटते: कॅन्सर म्हणजे फार वेगाने वाढणाऱ्या पेशी. ही समजूत अर्धीच खरी आहे. उरलेल्या अर्ध्यापायी माणसं आकड्याला घाबरतात आणि कधीकधी उपयोगी पडणारं औषध मध्येच सोडून देतात.

केआय-६७ ची तपासणी लावताना आम्ही रुग्णाच्या तुकड्याबरोबर निरोगी टॉन्सिलचा एक तुकडाही लावतो, रंग नीट चढला की नाही हे ताडून पाहायला. ज्या पेशी दुभंगण्याच्या चक्रात आहेत त्यांचं केंद्रक तपकिरी दिसतं, बाकीच्यांचं निळं. टॉन्सिलमध्ये संसर्गाशी लढणाऱ्या पेशी तयार होतात ती गोल केंद्रं असतात, आणि त्यांचा काही भाग जवळजवळ पूर्ण तपकिरी असतो. तो कॅन्सर नसतो. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. अस्थिमज्जा रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल घडवते. उलट फॉलिक्युलर लिम्फोमा नावाचा कॅन्सर बऱ्याचदा इतका संथ असतो की केआय-६७ कमीच येतं. तिथे पेशी भरभर जन्मतात असं नाही. बीसीएल-२ या प्रथिनामुळे त्या वेळेवर मरत नाहीत.

म्हणजे नुसता वेग हा दोष नव्हे. टॉन्सिलमधली पेशी झपाट्याने दुभंगते, पण काम झालं की थांबते. कॅन्सरची पेशी संथ असली तरी तिच्यात थांबण्याचा निर्णय घेणारी यंत्रणा मोडलेली असते. पालबोसिक्लिब त्या यंत्रणेतल्या एका ठरावीक जागी काम करतं. ती जागा कळली की ९०० चा अर्थही कळेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र लगेच देते. ३५ टक्के हा पसरण्याचा आकडा नाही. तपासलेल्या तुकड्यात कॅन्सरच्या दर शंभर पेशींमागे ३५ पेशी चक्रात होत्या आणि ६५ विश्रांतीत, एवढंच तो सांगतो. हाडात किती डाग आहेत, यकृत-फुफ्फुसं मोकळी आहेत का, हे स्कॅन सांगतो. त्या दोन आकड्यांचा एकमेकांशी थेट हिशोब नाही.

या ३५ वर किती भर द्यायचा हेही परिस्थितीवर आहे. तुकडा स्तनातून घेतला की हाडातून, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हाडाचा तुकडा कापता यावा म्हणून आधी त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं. त्यासाठी तीव्र आम्ल वापरलं तर केआय-६७ आणि ईआर दोन्हींचा रंग फिका पडू शकतो. तुकडा काढल्यावर तासाभरात फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रवात, गेला की नाही, तिथे किती वेळ राहिला, यानेही फरक पडतो. आमच्याकडे कल्याण-बदलापूरहून नातेवाईक स्वतः बाटली घेऊन लोकलने येतात. कधी बाटली इतकी लहान की तुकडा मावत नाही, कधी फॉर्मलिनऐवजी सलाइन भरलेलं. अशा तुकड्यावर आलेला आकडा मी जपूनच लिहिते. शिवाय दोन पॅथॉलॉजिस्टनी तीच काच (तुकड्याचा पातळ काप लावलेली स्लाइड) मोजली तरी मधल्या पट्ट्यातले आकडे थोडे वेगळे येतात. या विषयातल्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाचं म्हणणं असं की ५ टक्क्यांपर्यंतचा आणि ३० किंवा त्याहून वरचा आकडा भरवशाचा धरावा, मधल्यावर फार विसंबू नये. तुमच्या आईंचा ३५ वरच्या बाजूला आहे. म्हणजे हा अगदी आळशी ट्यूमर नाही, एवढं खरं. पण ३५ आणि ४० मध्ये फरक शोधत बसू नका.

कोणी विचारेल, ३५ टक्के पेशी चक्रात आहेत तर ग्रेड २ कसा? ग्रेड ठरवताना आम्ही तीन गोष्टी बघतो: पेशी नळ्यांसारख्या रचनेत आहेत का, केंद्रकं किती वेडीवाकडी आहेत, आणि प्रत्यक्ष दुभंगत असलेल्या पेशी किती सापडतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीचं एक चक्र साधारण २४ तासांचं धरतात. त्यातलं प्रत्यक्ष दुभंगणं जेमतेम तासाभराचं. त्यामुळे चक्रात पुष्कळ पेशी असल्या तरी त्या क्षणी दोन भागांत तुटताना पकडलेल्या थोड्याच दिसतात. दोन्ही आकडे खरे, फक्त मोजतात वेगळं.

आता चक्राकडे. पेशी एकाची दोन होते तेव्हा चार टप्प्यांतून जाते. जी-१ मध्ये ती वाढते आणि पुढे जायचं की नाही ते ठरवते. एसमध्ये डीएनएची नक्कल होते. जी-२ मध्ये नकलेची तपासणी आणि तयारी. एममध्ये प्रत्यक्ष विभाजन. ज्यांना दुभंगायचंच नाही त्या पेशी जी-१ मधूनच बाजूला होऊन जी-० मध्ये बसतात. केआय-६७ मध्ये निळ्या दिसतात त्या बहुतांशी याच.

हे टप्पे पुढे ढकलतं कोण, हे कळायला विसावं शतक सरत आलं. अमेरिकेत लेलँड हार्टवेल पावासाठी वापरतात त्या यीस्टवर काम करत होते. चक्राच्या एकेका पायरीवर अडकून पडणारे यीस्ट शोधून त्यांनी त्या पायऱ्यांची जनुकं काढली. इंग्लंडच्या टिम हंट यांना १९८२ मध्ये वूड्स होल इथे समुद्री साळूच्या अंड्यांत एक प्रथिन दिसलं. ते हळूहळू साठायचं आणि दर विभाजनाच्या वेळी एकदम नाहीसं व्हायचं. त्याला सायक्लिन म्हणतात. सायक्लिन ज्या एन्झाइमला चिकटून त्याला जागं करतं ते सीडीके. पॉल नर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं की यीस्टमधलं बिघडलेलं सीडीकेचं जनुक काढून माणसाचं घातलं तरी यीस्ट व्यवस्थित दुभंगतं. एक अब्जाहून जास्त वर्षांपूर्वी वेगळे झालेले जीव, आणि किल्ली तीच. मला आजही हा प्रयोग शिकवताना भरून येतं. या तिघांना २००१ चं नोबेल मिळालं.

तुमच्या आईंच्या गोळीशी संबंध येतो तो जी-१ च्या शेवटी. तिथे एक ठिकाण आहे, आर्थर पार्डी यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलेलं. त्याच्या आधी पेशी बाहेरच्या निरोपांवर अवलंबून असते: वाढीचे घटक, हार्मोन, शेजारी जागा आहे का. निरोप थांबला तर ती थांबते. ते ठिकाण ओलांडलं की बाहेरून निरोप बंद झाला तरी ती बहुधा विभाजन पुरं करते. ठाण्याहून सुटलेली फास्ट लोकल मधल्या प्लॅटफॉर्मवर कोणी हात केला म्हणून थांबत नाही, तसं. म्हणून थांबवायचं ते सुटण्याआधी.

त्या जागेवर आरबी नावाचं प्रथिन बसलेलं असतं. ते ई-२-एफ नावाच्या प्रथिनांना धरून ठेवतं, आणि ई-२-एफ मोकळी झाल्याशिवाय डीएनएची नक्कल करणारी जनुकं चालू होत नाहीत. स्तनाच्या पेशीला इस्ट्रोजेनचा निरोप आला की सायक्लिन-डी वाढतं. ते सीडीके-४ आणि सीडीके-६ ला जागं करतं. ते दोघे आरबीवर फॉस्फेट चढवतात आणि आरबीची पकड सैल होते. मग सायक्लिन-ई आणि सीडीके-२ उरलेलं काम करून पेशीला एसमध्ये ढकलतात. पी-१६ नावाचं प्रथिन सीडीके-४ आणि ६ ला अडवून हा सगळा ओघ रोखू शकतं.

आरबी सापडलं लहान मुलांच्या डोळ्यांच्या कॅन्सरमुळे, रेटिनोब्लास्टोमामुळे. आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये मुलांच्या नोंदी तपासून अंदाज बांधला की या आजारात एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. ज्यांना एक बिघडलेली प्रत जन्मतःच मिळते त्यांना आजार लहान वयात आणि पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत होतो. बाकीच्यांत बहुधा उशिरा आणि एकाच डोळ्यात. १९८६ मध्ये ते जनुक हाती आलं आणि अंदाज खरा ठरला. जाता जाता: फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाळाची बाहुली लाल न दिसता पांढरी दिसली, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ही गोष्ट मी भेटेल त्या आईवडिलांना सांगते.

वेगवेगळे कॅन्सर या एकाच जागी वेगवेगळ्या तऱ्हेने तोडफोड करतात. ईआर पॉझिटिव्ह स्तनाच्या कॅन्सरमध्ये सहसा आरबी शाबूत असतं, पण त्याच्या वरचा ओघ, इस्ट्रोजेन आणि सायक्लिन-डीचा, सतत चालू राहतो. तंबाखू-गुटख्याने होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये, जे ठाणे जिल्ह्यातून आमच्या टेबलावर सतत येतात, बरेचदा पी-१६ गेलेलं असतं किंवा सायक्लिन-डीच्या जनुकाच्या जादा प्रती झालेल्या असतात. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही विषाणूचं ई-७ प्रथिन आरबीलाच निकामी करतं, आणि त्याचं ई-६ प्रथिन पी-५३ हे दुसरं पहारेकरी प्रथिन नष्ट करवतं. आरबी गेल्यावर पेशी बिचारी पी-१६ भरमसाट बनवत राहते, पण रोखायला काही उरलेलं नसतं. काचेवर पी-१६ चा गडद सलग पट्टा दिसला की विषाणूचा हात आम्हाला तिथूनच कळतो. एचपीव्ही १६ आणि १८ मिळून या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के केसेसना कारणीभूत आहेत आणि त्यावर लस आहे. ताई, तुमच्या घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर तिच्या लसीबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा.

पी-५३ चा उल्लेख आलाच आहे तर थोडक्यात: डीएनएला इजा झाली की हे प्रथिन साठतं, पी-२१ या आणखी एका प्रथिनामार्फत चक्र थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरायला लावतं. १९७९ मध्ये सापडलं. माणसाच्या सुमारे निम्म्या कॅन्सरमध्ये त्याचं जनुक बिघडलेलं असतं. एक शेवटची चौकी विभाजनाच्या ऐन मध्यात असते. एक जरी गुणसूत्र (डीएनएची गुंडाळी) त्याला ओढून नेणाऱ्या धाग्यांना नीट जोडलेलं नसलं तरी ती पेशीला खोळंबून ठेवते. ही चौकी ढिली पडली, किंवा धागे ओढणारी केंद्रं दोनाच्या जागी तीन झाली, की गुणसूत्रांची वाटणी चुकते. तीन दिशांना ओढली जाणारी गुणसूत्रं मला काचेवर दिसतात तेव्हा रिपोर्टमध्ये मी ते आवर्जून लिहिते.

आता गोळी. लेट्रोझोल शरीरात इस्ट्रोजेन बनणं कमी करतं, म्हणजे निरोप वरच तोडतं. पालबोसिक्लिब खाली, सीडीके-४ आणि ६ वर बसतं, म्हणजे पी-१६ ने करायचं काम बाहेरून करतं. दोन्ही मिळून आरबीची पकड घट्ट ठेवतात आणि पेशी जी-१ मध्येच राहते. आरबी शाबूत असणं ही यातली अट आहे. धरून ठेवणारा हातच नसेल तर वरून कितीही अडवून उपयोग नाही. म्हणून ही गोळी सगळ्या कॅन्सरना देत नाहीत. अमेरिकेत तिला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. पलोमा-२ या ६६६ महिलांच्या चाचणीत नुसत्या लेट्रोझोलवर आजार मध्यम हिशोबाने १४.५ महिने आटोक्यात राहिला, दोन्ही औषधांवर २४.८ महिने. हा सरासरीच्या जातीचा आकडा आहे. तुमच्या आईंचा काळ याहून कमी किंवा बराच जास्त असू शकतो. पुढे काही पेशी आरबी गमावून किंवा सायक्लिन-ईची वाट वाढवून निसटायला शिकतात, म्हणून ठरावीक काळाने स्कॅन करावे लागतात.

चांगल्या पेशींचं काय? हो, गोळी त्यांनाही लागू पडते. सीडीके-६ ची सर्वांत जास्त गरज ज्यांना असते त्यांत अस्थिमज्जेतल्या, न्यूट्रोफिल घडवणाऱ्या पेशी येतात. त्याही जी-१ मध्ये थांबतात आणि रक्तातला आकडा उतरतो. पण केमोथेरपीशी याची गल्लत करू नका. नेहमीची बरीच केमो औषधं डीएनए मोडतात किंवा विभाजनाचे धागे अडकवतात, आणि मज्जेतल्या पेशी त्यात मरतात. इथे मज्जेतल्या पेशी मुख्यतः थांबलेल्या असतात. गोळी बंद केली की त्या पुन्हा चक्रात शिरतात. २१ दिवस गोळी आणि ७ दिवस सुट्टी हे वेळापत्रक त्यासाठीच.

पलोमा-२ चाचणीत पालबोसिक्लिब घेणाऱ्या सुमारे ६६ टक्के महिलांचे न्यूट्रोफिल १००० च्या खाली गेले होते. मात्र न्यूट्रोफिल उतरलेले असताना ताप येण्याचा धोकादायक प्रकार २ टक्क्यांहून कमी जणींत झाला. म्हणजे आईंचा ९०० हा या औषधाचा ओळखीचा परिणाम आहे आणि डॉक्टरांनी आठवडाभर थांबवलं ते रिवाजाला धरूनच. आकडा १००० च्या वर आला की पुन्हा सुरू करतात. वारंवार घसरला किंवा सावरायला फार वेळ लागला तर १२५ मिलिग्रॅमवरून १००, मग ७५ वर आणतात. डोस कमी केलेल्या महिलांमध्ये औषधाचा फायदा घटल्याचं या चाचण्यांच्या विश्लेषणात दिसलेलं नाही, त्यामुळे डॉक्टरांनी डोस उतरवला तर हार मानली असं समजू नका. स्वतःहून मात्र बंद करू नका.

दोन गोष्टी पाळा. अंगात १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, थंडी वाजणं, घशात फोड, लघवीला जळजळ, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा आणि दारातच सांगा की पालबोसिक्लिब चालू आहे. घरी क्रोसिन देऊन ताप उतरवून बघू, असं करू नका. दुसरं, पेशी वाढवायला म्हणून शेजारीपाजारी सुचवतात ते काढे. ही गोळी यकृतात विघटित होते. गुळवेल घेतलेल्या रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. ग्रेपफ्रूट तर या गोळीसोबत वर्ज्यच; त्याच जातकुळीचं पपनसही मी टाळायला सांगेन. बुरशीवरची काही औषधं आणि काही अँटिबायोटिक रक्तातली गोळीची पातळी वाढवतात, म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेलात तरी गोळीचं पाकीट बरोबर ठेवा.

थोडक्यात मांडायचं तर: ३५ हा चक्रातल्या पेशींचा वाटा, पसरण्याचा नव्हे. गोळी आरबीच्या चौकीवर पेशीला थांबवते, आणि तीच चौकी मज्जेतही असल्यामुळे न्यूट्रोफिल उतरतात. ९०० वर थांबून वाट बघणं हा उपचाराचाच भाग आहे.

केआय-६७ पुन्हा करून घ्यावं का, असं तुम्ही शेवटी विचारलंत. गोळी लागू पडते का हे बघायला नाही. त्यासाठी स्कॅन, तपासणी आणि आईंचं दुखणं कमी होतंय का हे पुरेसं आहे. रक्त मात्र दर कोर्सच्या सुरुवातीला, आणि पहिल्या दोन कोर्समध्ये पंधराव्या दिवशीही तपासायचं असतं. आणखी एक काम याच आठवड्यात करा. जिथे बायोप्सी तपासली त्या लॅबमधून मेणाचा ब्लॉक (ज्यात बायोप्सीचा तुकडा जपलेला असतो) आणि काचा मागून घ्या. अर्ज आणि ओळखपत्रावर त्या मिळतात. खारघर किंवा परळला टाटा हॉस्पिटलमध्ये दुसरं मत घ्यायचं ठरलं तर तिथे आधी ब्लॉकच मागतील. पुढे कधी आजाराने वाट बदलली आणि पीआयके-३-सीए सारखी जनुकतपासणी करायची वेळ आली, तर ती याच ब्लॉकवर होऊ शकेल. ब्लॉक उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, मेण वितळतं. कपाटात, फाइलबरोबर, साध्या डबीत ठेवा आणि डबीवर आईंचं नाव व लॅबचा नंबर लिहा.